टाच टेकेपर्यंत

पौष गेला, माघ गेला, फाल्गुन आणि चैत्रही गेला, पण पंचफुलाला कोणी काही म्हणालं नाही.

कवडूला पौषातच पाच वर्षं पूर्ण झाली होती. पाच वर्षं झाली की लेकरू परत घ्यायचं, असं सासूनं, सीताबाईनं, सांगून ठेवलं होतं. पायलीभर ज्वारी, एक नवं लुगडं, आणि विकत घेणारीच्या ओटीतलं लेकरू उचलून आईच्या ओटीत. पंचफुलानं लुगडं घेऊनही ठेवलं होतं. पण सीताबाई आता नव्हती, आणि घरात ते देवही नव्हते. दीड वर्षापूर्वी सासरे रामाजी नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. दुसऱ्याच दिवशी कोनाड्यातले देव टोपलीत भरून ते वेणा नदीत सोडून आले. "नवस नाई, उतारा नाई, अंगात येनं नाई. आजपासून या घरात हे काईच नाई," ते म्हणाले. सगळ्यांनी माना हलवल्या. पंचफुलानंही हलवली. आपलं लेकरू परत मिळायची रीतही त्याच टोपलीतून वाहून गेली, हे तिच्या ध्यानात यायला पौष उजाडावा लागला.

आधीची दोन लेकरं दिवस भरून जन्मली होती आणि दोन्ही महिन्याच्या आत गेली होती. हा तिसरा सातव्या महिन्यातच आला. ती कापसाच्या वेचणीला गेली होती, तिथून बैलगाडीत घालून आणावं लागलं. वीतभर अंग, नखं धड उगवलेली नाहीत, कातडी इतकी पातळ की खालची शीर न् शीर दिसावी. रडणं मांजरीच्या पिलासारखं. सीताबाईनं एकदाच पाहिलं आणि ठरवून टाकलं. हे लेकरू आपलं म्हटलं की जाणार, म्हणून ते आपलं म्हणायचंच नाही. सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं, आणि पंचफुलाच्या नणंदेनं, धुरपतानं, एक कवडी देऊन उचललं. म्हणून नाव कवडू.

"पाच वर्षं मायपना दाखवाचा नाई," सीताबाईनं बजावलं होतं. "दूध काढून देजो. पुढं पाजाले घेशील तं पदर तोंडावर घेजो. त्याचं तोंड पाह्याचं नाई, त्याले हाक माराची नाई. त्याले वाटलं पाह्यजे का हे माही कोनी नाई."

पंचफुलानं ते सगळं पाळलं. जितकं सांगितलं होतं त्याच्याहूनही जास्त पाळलं.

*

बुद्धपौर्णिमेला सकाळी वंदना झाली, खीर झाली. दुपारी भोंगा वाजला तेव्हा कापसाच्या जिनिंग मिलमधून श्रावण जेवायला आला आणि रामाजींनी सगळ्यांना ओसरीवर बसवून घेतलं. अंगण एकच. एका बाजूला श्रावण-पंचफुलाची खोली, समोर धुरपताची. धुरपता आली ती कवडूला कडेवर घेऊनच. सव्वापाच वर्षांचा पोरगा, त्याचे पाय तिच्या गुडघ्यापर्यंत लोंबत होते. पंजे खाली वळलेले, ताठ. खाली ठेवला की तो चवड्यांवरच उभा राहायचा, उंच फळीवरचं काही काढत असल्यासारखा. टाच जमिनीला लागायचीच नाही.

"आज एक गोष्ट साफ करून टाकू," रामाजी म्हणाले. "जूनमंदी याचं नाव शाळेत घालतो. मास्तरशी बोललो मी. पन त्याच्या आधी लेकरू आपल्या मायबापाच्या घरात राह्यलं पाह्यजे."

"राह्यते तं हाय," धुरपता म्हणाली. "आंगन एकच हाय."

"आंगनात नाई म्हटलं मी. घरात."

"मंग इकतं घेतलं ते? तुमच्यासमोर घेतलं बाबा. सूप तुमीच धरलं होतं."

रामाजींनी डोळे खाली केले. सूप त्यांनीच धरलं होतं. उकिरड्यापर्यंत ते चालत गेले होते आणि सुपात काही आहे असं वाटतसुद्धा नव्हतं, इतकं ते हलकं होतं. आपण नागपूरला जाऊन जे मागं टाकलं त्यात हेही टाकलं, असं त्यांनी मनाशी कितीदा म्हटलं होतं. पण ते चार पावलं चालणं काही टाकता आलं नव्हतं.

"ते खोटं होतं," ते जरा मोठ्यानं म्हणाले. "अडानीपना होता. इकनं खोटं, तं परत घेनंबी नाई. ज्वारी नाई, लुगडं नाई. लेकरू पंचफुलाचं हाय, तिच्याजवळ जाईन. झालं."

"झालं?" धुरपतानं कवडूला खाली बसवलं. "कवडी खोटी असन बाबा. कापसाचा बोळा खोटा नवता. जिनातून पदरात बांधून रुई आनत होती मी. टोपलीत रुई, रुईत लेकरू, भवताल गरम सरकीच्या पोटल्या. बोळा दुधात भिजवून एक एक थेंब तोंडात सोडे. चोखाचं बळ नवतं त्याले. अडीच महिने. ते अडानीपना म्हनता का?"

"कोन म्हनते बाई तसं?" श्रावण म्हणाला. तो खिरीची वाटी हातात घेऊन दाराशी बसला होता. "तुह्यामुळंच जगलं पोट्टं."

"मंग सांग बाबाले."

श्रावणनं वडिलांकडे पाहिलं, मग बहिणीकडे. बायकोकडे पाहिलं नाही. "मले तं वाटते, चालून राह्यलं तसं चालू द्यावं. त्याले बाईचा लळा हाय. लीला लहान हाय अजून, इकडं तिचंच पुरत नाई हिले. शाळेचं पाहू पुढच्या साली."

खांबाला टेकून, डोक्यावरचा पदर ओढून, धाकट्या लेकीला, लीलाला, मांडीवर घेऊन बसलेली पंचफुला तेव्हा बोलली. सासऱ्यासमोर ती कधी बोलत नसे, म्हणून आधी कोणाला कळलंच नाही की आवाज तिचा आहे.

"मामाजी, खोटं होतं तं मंग मी दूर काऊन राह्यली?"

ती लीलाला थोपटत होती.

"पाच वर्षं. पह्यल्यांदा उठून बसला तवा मी चुलीजवळ होती. सारे पाह्याले धावले, मी नाई गेली. तीन वर्षांचा झाला तवा चालला, तई बी मी पाठ करून उभी. मले वाटे, मी पाह्यलं अन् तो गेला तं? पह्यले दोन गेलते ना. मनात म्हने, अजून दोन वर्षं. अजून एक वर्ष. मंग पौष आला. तुमी काई म्हनान म्हनून मी वाट पाहून राह्यली होती. आज म्हनता, खोटं होतं."

"तवा आपल्याले समजत नवतं पोरी," रामाजी म्हणाले.

"तुमाले नसन समजत. मले समजत होतं. पदराखालून पाजे ना, तवा त्याचा श्वास मह्या गळ्याले लागे. समजत होतं मले. हिंमत नवती."

कवडू आपला खीर खात होता. वाटीच्या तळाला बोट फिरवून त्यानं ते चाटलं आणि धुरपताच्या मांडीला वाटी लावली. "माय. आखीन."

पंचफुलाच्या हाताशीच खिरीचं पातेलं होतं. तिनं पळी उचलली. कवडूनं वाटी पाठीमागं लपवली.

"माय देईन," तो म्हणाला.

पळी तशीच राहिली हातात.

"पाह्यलं?" श्रावण म्हणाला. त्याला तसं म्हणायचं नसावं, पण म्हणून गेला.

पंचफुला फिरली. "तुमी बोलू नका. मले ठाऊक हाय शाळेचं पुढच्या साली काऊन म्हनता ते. पोट्टे त्याले हासतीन, अन् श्रावन्याचं लंगडं म्हनतीन. तुमाले लाज वाटते त्याच्या पायाची."

"मले? मले कायची लाज?"

"खरं बोलून राह्यली ती," धुरपता अचानक म्हणाली. आतापर्यंत जिच्याशी भांडत होती तिच्याच बाजूनं आपण उभं राहिलो, हे तिलाही जरा चमत्कारिकच वाटलं. "मिलच्या गेटापाशी मी याले घेऊन उभी असली का तू रस्ता बदलतो. मले दिसत नाई का? तुह्या दोस्तायच्या घरी सारे पोट्टे जातात, हाच नाई जात."

श्रावणनं वाटी खाली ठेवली. त्याचे कान लाल झाले होते.

"शाळेत जाईनच तो," पंचफुला म्हणाली. "याच साली. मी नेईन. रोज नेईन, रोज आनीन. पाऊन मैल तं हाय. कडेवर घेईन अन्..."

"कडेवर नाई!"

धुरपता ओरडली तशी लीला दचकून रडायला लागली. धुरपतानं तोंडावर हात नेला, पण शब्द सुटून गेला होता.

"कडेवर नाई न्याचं त्याले," ती हळू आवाजात म्हणाली. "डॉक्टरनीनं सांगतलं हाय."

*

होळीच्या आधी श्रावण आणि धुरपता कवडूला घेऊन वर्ध्याच्या दवाखान्यात गेले होते. घरी येऊन दोघांनी सांगितलं होतं की औषध नाही, वाढता वाढता होईल आपोआप. श्रावणला तेवढंच ठाऊक होतं, कारण तो बाहेर लिंबाखाली बिडी ओढत बसला होता. आत फक्त धुरपता होती.

त्या डॉक्टरणीनं कवडूला खिडकीशी उभं केलं आणि विचारलं, "बाहेर काय दिसतं रे?" कवडूनं बराच वेळ लावला. त्याला एकेक शब्द शोधावा लागतो, पाण्यात पडलेलं नाणं चाचपावं तसा. मग म्हणाला, "कावळा. एक पाय." डॉक्टरणीनं वाकून पाहिलं. कावळा खरंच एका पायावर उभा होता. ती हसली. "याचं डोकं शाबूत आहे, बाई. शब्द उशिरा आले, ते येतील. याच्याशी खूप बोलत जा." मग पाय पाहिले. घोटा धरला, दाबला, कवडू किंचाळला. "सातव्या महिन्यात जन्मलेल्या काही लेकरांचे पाय असे ताठ राहतात. कोणाचा दोष नाही यात. पण टाचेमागची शीर आखडलेली आहे. अंग वाढेल आणि ती शीर तेवढी वाढणार नाही. गुडघा सरळ धरायचा, टाच तळहातात घ्यायची, आणि पंजा वर रेटून तीसपर्यंत मोजायचं. दोन्ही पाय, सकाळ-संध्याकाळ. तो रडेल. रडू द्या. आणि कडेवर घेणं आजपासून बंद. आतापासून केलं तर टाच टेकेल. दोन-तीन वर्षं अशीच गेली तर मला सांगता येणार नाही."

आणि मग तिनं विचारलं होतं, "आई का नाही आली? हे आईला शिकवायला हवं."

धुरपतानं हे सगळं आता ओसरीवर सांगितलं. प्रत्येक शब्द तिला पाठ होता. शेवटच्या प्रश्नाशी मात्र ती थांबली.

"मंग तू काय म्हटलं?" पंचफुलानं विचारलं.

"मी म्हटलं, मीच माय."

पंचफुलानं लीलाला मांडीवरून खाली ठेवलं.

"एक दिवस करून पाह्यलं मी," धुरपता म्हणाली. "देवाची आन... आता कोनाची आन घेऊ? खरंच करून पाह्यलं. तो असा वरडला का मह्या छातीत कळ आली. मले म्हने, माय, नको मारू. मी मारून राह्यली असं वाटलं त्याले. ज्या हातानं बोळा धरला ते हात कसे दाबतीन सांग? सोडून देल्लं. म्हटलं, मी उचलीन त्याले. जलमभर उचलीन, काय भारी हाय?"

"होळीच्या आधी गेलते तुमी," पंचफुला म्हणाली. "होळीले दोन महिने झाले आता. बाई, त्यानं शाळा कशी पाह्यली असती? तू मेल्यावर त्याले कोन उचललं असतं? मी इथंच होती ना. समोरच्या दारात होती!"

"समोरच्या दारात!" धुरपता उसळली. "पाच वर्षं समोरच्या दारातच होती तू. तो रडे, तू दार लोटे. तो दोन महिने आधी आला, अन् तू पाच वर्षं उशिरा येऊन राह्यली. अन् मले शिकवते?"

"बाई..." श्रावण उठला.

"बसा," पंचफुला त्याला म्हणाली. "बरोबर हाय तिचं." ती रडत नव्हती. लागायचं ते तिला आधीच लागून गेलं होतं. पाय ताठ आहेत त्यात कोणाचा दोष नाही, असं कुठली एक अनोळखी बाई म्हणाली होती. गेली पाच वर्षं पंचफुला चुलीपाशी बसून तोच दोष स्वतःला देत आली होती. वेचणीला गेली म्हणून, वाकली म्हणून, ओझं उचललं म्हणून. आता तो एका वाक्यात उतरला. पण तो उतरला तेव्हा त्याच्या खाली जे होतं ते उघडं पडलं. पाय तिच्यामुळे ताठ नव्हते. पण ज्याचे ते पाय होते तो तिच्या हातची खीर घेत नव्हता, आणि ते मात्र तिच्यामुळेच होतं.

"उशिरा आली," ती म्हणाली. "आता दाखव मले."

"काय?"

"पाय कसा धराचा ते. मले दाखव. मह्या हातानं होईन."

धुरपता तिच्याकडे बघत राहिली. "तो तुले शत्रू समजन, पंचफुले."

"आता काय समजते? आता तं काईच समजत नाई."

*

जवसाचं तेल गरम केलं. धुरपतानं कवडूला मांडीवर घेतलं, पाठ आपल्या छातीला लावून, आणि पंचफुला समोर बसली. त्याचा उजवा पाय तिनं हातात घेतला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तळव्याला घट्टा फक्त पुढं, चवड्याशी होता, आणि टाच तान्ह्या लेकराची असावी तशी मऊ, कधी न वापरलेली. तिनं अंगठा त्या टाचेवरून फिरवला आणि थोडा वेळ दुसरं काही तिला सुचलंच नाही.

"गुडघा दाब," धुरपता म्हणाली. "आता टाच तळहातात. रेट. हळू. आखीन."

कवडू किंचाळला. हात मागं नेऊन त्यानं धुरपताचं लुगडं धरलं. "माय! माय, सोडव!"

"एक," पंचफुला म्हणाली. "दोन. तीन."

"माय!"

दहाला धुरपताचे हात सैल पडले. "बस झालं ना वं, पह्यलाच दिवस हाय."

"धरून ठेव बाई. अकरा."

रामाजी उठून अंगणाच्या दाराशी गेले आणि पाठ करून उभे राहिले. आपण निकाल दिला होता. तो आता कोणाच्याच कामाचा नाही, हे त्यांना कळत होतं. श्रावणनं लीलाला उचललं, पण आत गेला नाही. वीसला तो जवळ येऊन बसला आणि पोराच्या कपाळावरचा घाम पुसायला लागला. कवडूनं तोही हात झटकून टाकला.

तीस झाले. डावा पाय झाला. पंचफुलाच्या गालावर ओरखडा उठला होता. कवडू धुरपताच्या खांद्यात तोंड खुपसून हुंदके देत होता, आणि सवयीनं धुरपता त्याला घेऊन उठायला लागली. अर्ध्यातच थांबली. त्याला खाली उभं केलं, बोट दिलं. चवड्यांवर डुलत डुलत, तिला ओढत, तो समोरच्या खोलीकडे निघून गेला.

असं ठरलं मग. कोणी ठरवलं म्हणून नाही. निजणं धुरपताकडे, जेवण धुरपताकडे, आणि सकाळ-संध्याकाळ पाय पंचफुलाकडे. त्याच्याशी बोलत जा, असं डॉक्टरीण म्हणाली होती, म्हणून पंचफुला तेल लावताना बोलत असे. कापसाच्या गाड्यांविषयी, लीलानं काय सांडलं त्याविषयी, काहीही. तो तिच्या तोंडाकडे बघत नसे.

आठव्या दिवशी सकाळी तो पळाला. तेलाची वाटी दिसताच पळाला, आणि धुरपताच्या पायांना मिठी मारून तिच्या लुगड्यात शिरला.

"माय, घे."

धुरपता चुलीत काड्या सारत होती. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. सात दिवस तीच त्याला धरून बसत होती, म्हणून तो जास्त रडत होता. माय इथं असून सोडवत नाही, हेच त्याला कळत नव्हतं. हे तिला काल उमगलं होतं. तिनं त्याला उचललं नाही. बोट धरून दारापर्यंत आणलं, उंबऱ्याबाहेर उभं केलं.

"जा बाप्पा. ती बसली हाय थे."

"तू ये."

"मी नाई येत. तू जाजो."

आणि तिनं आतून कडी लावली.

आतल्या अंधारात ती दाराला पाठ लावून उभी राहिली. मग अंगणातून घासत जाणारी पावलं ऐकू आली, थांबत थांबत. मग पंचफुलाचा आवाज, "आज डावा आधी का?" मग किंचाळी.

"एक," बाहेर पंचफुला मोजत होती.

"माय!"

धुरपताचा हात कडीवर गेला. तिनं तो दुसऱ्या हातानं धरून ठेवला. आठ, नऊ, दहा. ओठ न हलवता तीही मोजत होती. पंधरा. तो अजून हाका मारत होता, दाराकडे तोंड करूनच मारत असणार, कारण हाक सरळ तिच्या पाठीवर येत होती. वीस. एकवीस. तेविसाला आवाज पडला. चोविसाला रडणं थांबलं.

पंचफुलाचं मोजणं चालूच होतं. त्यात आणखी एक बारीक, अडखळता आवाज होता, एकेक आकडा शोधून तिच्या मागोमाग म्हणणारा. सव्वीस. सत्तावीस.

धुरपता खाली बसली. तिनं दार उघडलं नाही.